हिशोब शिकवा, हिशोब मागा

हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर किती उरले, हे पोरांना पडताळता येत नसेल तर भाव मिळूनही आपण लुटलेच जाणार. म्हणून गणिताच्या वर्गासाठी पैसा उभा करणे हे आम्ही आंदोलनाचेच काम मानतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक बसवले. अनुदानाच्या खर्चावर देखरेख त्यांचीच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. शिक्षण त्यात येते. आधी समितीचा ठराव करा, मग अर्ज. आडते, खत-बियाणे दुकानदार यांच्याकडे तराजू, मापे, गणितमाळा मागा. ही भीक नव्हे. त्यांचा धंदा आपल्याच घामावर चालतो.

जमाखर्च मात्र शाळेच्या फळ्यावर लागला पाहिजे, आणि तो पोरांनीच मांडावा.