सीमेवरचा द्राविडी प्राणायाम

पूर्वीं समुद्र ओलांडून परत आलेल्या मनुष्यास आमच्या समाजांत प्रायश्चित्त घ्यावें लागे. पंचगव्य घेणारा मनांत हंसे, देणारे भटजीहि मनांत हंसत. खरी काय ती दक्षिणा! या विधीची आम्हां सुशिक्षितांनीं पुढें यथेच्छ टवाळी केली, आणि ती योग्यच होती. परंतु ज्यांनीं तो विधि मोडला त्यांचींच पतवंडें आज तसल्याच एका विधीस निमूटपणें बसतात, हें पाहून आश्चर्य वाटतें. फरक इतकाच कीं, पूर्वीं सीमा ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त घेत. आतां प्रायश्चित्त म्हणून सीमा ओलांडतात. प्रवासी म्हणून मिळालेली मुदत संपत आली कीं शेजारच्या देशांत घटकाभर पाऊल टाकावयाचें, पासपोर्टावर शिक्के उमटवून घ्यावयाचे, आणि जेथून निघालों तेथेंच नवी मुदत घेऊन येऊन बसावयाचें, असा हा विधि आहे.

माझा एक जुना विद्यार्थी थायलंडांत चिआंगमाई येथें वर्षभर राहून नुकताच परत आला. काम परदेशी कंपनीचें, तें संगणकावरून, घर भाड्याचें, कोपऱ्यावरची भाजीवाली ओळखीची. कायद्याच्या दृष्टीनें मात्र हे गृहस्थ स्थळें पाहावयास आलेले प्रवासी! २०२४ च्या जुलैपासून थायलंडनें भारतीयांस व्हिसावांचून साठ दिवस राहण्याची मुभा दिली होती. ते दिवस भरत आले कीं हा पहाटे मोटारीनें चिआंगखोंगला जाई, मेकाँग नदीवर २०१३ सालीं सुरू झालेल्या पुलावरून लाओसांत उतरे, तेथील व्हिसाचे पैसे भरी, पेलाभर कॉफी घेई, आणि त्याच पुलावरून माघारी येई. हा वृत्तान्त तो रंगवून सांगत असतां घरचीं सर्व मंडळी पोट धरून हंसत होती, मीहि हंसलों. शेवटीं तो म्हणाला, "सर, यांत कोणाचें काय गेलें? लाओसला फी मिळाली, मोटारवाल्याला भाडें मिळालें, मला साठ दिवस मिळाले." हा प्रश्न आतां इतक्या घरांतून ऐकूं येतो कीं त्याचें उत्तर जाहीरपणें देणें मला अवश्य वाटतें.

गेलें तें कायद्याच्या शब्दांचें मोल गेलें. प्रवासी म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. जो वर्षभर राहतो व तेथेंच बसून पोटाचा उद्योग करतो, तो पाहुणा नव्हे, हें त्याला कळतें, घरमालकाला कळतें आणि शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्यालाहि कळतें. तिघेहि जाणून असतां तिघेहि न कळल्याचें सोंग करतात. माझा विद्यार्थी यांत निर्दोष आहे असें मी म्हणत नाहीं. पण अधिक दोष राज्याचा आहे. राज्याला या मनुष्याचा पैसा हवा असतो, परंतु त्याला रहिवासी म्हणून कोणताहि हक्क द्यावयाचा नसतो. म्हणून मांजराप्रमाणें डोळे मिटून दूध पिण्याचा हा मार्ग त्यालाहि सोयीचा वाटतो.

थायलंडचाच इतिहास पाहा. २००६ च्या ऑक्टोबरांत नियम झाला कीं, व्हिसावांचून येणाऱ्यानें सहा महिन्यांत नव्वद दिवसांपेक्षां अधिक राहूं नये. २००८ त जमिनीवरून येणाऱ्याची मुदत तीस दिवसांवरून पंधरांवर आणली. २०१४ च्या मे महिन्यांत, असे घटकेंत बाहेर जाऊन घटकेंत आंत येणारे लोक परत पाठविले जातील असें जाहीर झालें. २०१६ संपतां संपतां जमिनीवरून अशा दोनच खेपा एका वर्षांत करतां येतील असें ठरलें. नियमांवर नियम झाले, पण सोंग कायम राहिलें. २०२४ सालीं तर दुरून काम करणाऱ्यांसाठीं पांच वर्षांचा खास व्हिसा निघाला; आतां तरी सरळ व्यवहार होईल अशी आशा होती. पण त्यांतहि एका प्रवेशास एकशें ऐंशी दिवसांचीच मुदत ठेवली. वाढवून घेतलेली मुदतहि संपली कीं पांच वर्षांचा व्हिसा खिशांत असलेल्या मनुष्यानेंहि सीमेपर्यंत जाऊन यावें! नाक समोर असतां हात डोक्यामागून नेण्याचा हा प्रकार प्रवाशाची युक्ति राहिला नाहीं. तो कायद्यांतच छापला गेला.

"पण यांत दुःख कोणाला?" असें कोणी अजूनहि विचारील. त्यानें थायलंडच्या उत्तर टोंकास माएसाय येथें जावें. तेथें एका लहानशा नदीवर पूल असून पलीकडे ब्रह्मदेशांतील ताचिलेक शहर आहे. २०२० पूर्वीं कित्येक वर्षें चिआंगमाईचे परदेशी रहिवासी या पुलावर येत, दहा डॉलर किंवा पांचशें बाथ भरीत, बाजारांत एक फेरी मारीत आणि नवी मुदत घेऊन परतत. याच सीमेवरून ब्रह्मी मजूरहि येतात. सीमापासावर येणाऱ्या मजुरास कामाचा परवाना तीन महिन्यांचा, पण राहण्याची परवानगी एका खेपेस तीसच दिवसांची, अशी व्यवस्था २०१७ च्या कायद्यानंतर करण्यांत आली. म्हणजे तोच विधि त्याच्याहि वांट्यास आला. पण एकाची ती सहल, दुसऱ्याची ती बुडालेली मजुरी. पहिला काम लपवितो आणि प्रवासी म्हणवितो. दुसरा काम उघड सांगतो आणि त्याचीच कसून झडती होते. खोटें बोलणाऱ्यास सवलत आणि खरें बोलणाऱ्यास जाच, असा धडा जो कायदा शिकवितो त्याला निरुपद्रवी कसें म्हणावें?

यावर कित्येक म्हणतात, सीमेवर कडक पहारा बसवा, म्हणजे झालें. तोहि प्रयोग आपण करून पाहिला आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याची पूर्वतयारी करणारा डेव्हिड हेडली २००९ च्या ऑक्टोबरांत शिकागोंत पकडला गेला. तो पुनःपुन्हां भारतांत येऊन गेला होता हें उघड होतांच, प्रवासी व्हिसावर आलेल्या परदेशी मनुष्यानें एकदां बाहेर गेल्यावर दोन महिन्यांच्या आंत परत येऊं नये, असा नियम त्या वर्षाअखेर आपल्या सरकारनें केला. गंमत ही कीं हेडली आला होता तो व्यापारी व्हिसावर! बुद्धगया पाहून लुंबिनीस जाणाऱ्या आणि तेथून परत वाराणसीस येऊं इच्छिणाऱ्या यात्रेकरूस मात्र विशेष परवानगीसाठीं खटपट करावी लागली. चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें हेंच. २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांच्या नागरिकांपुरता तो नियम मागें घ्यावा लागला.

उपाय अवघड नाहीं. शिक्के मोजूं नयेत, दिवस मोजावेत. युरोपांतील शेंगेन करारांतल्या देशांत कोणत्याहि एकशें ऐंशी दिवसांत नव्वद दिवस, असा हिशेब आहे. मनुष्य मध्यें शंभर वेळां बाहेर जाऊन आला तरी तो हिशेब नव्यानें सुरू होत नाहीं. व्हिसावांचून अमेरिकेंत गेलेल्याचे नव्वद दिवसहि कॅनडांत किंवा मेक्सिकोंत डोकावून आल्यानें सामान्यतः वाढत नाहींत. हे नियम उदार आहेत असें नव्हे. पण ते मनुष्यास सोंग करावयास लावीत नाहींत. दिवस मोजले कीं दुसरें पाऊल आपोआप टाकावें लागतें: ज्याला अधिक राहावयाचें आहे त्यास, "तूं येथें काय करतोस?" असें स्पष्ट विचारावें, त्याच्याकडून कर घ्यावा, आणि रहिवाशाचा परवाना द्यावा किंवा सरळ नाहीं म्हणावें. मजुरासहि तोच न्याय लावावा. काम तीन महिन्यांचें असेल तर राहण्याची मुदतहि तीन महिन्यांची द्यावी. ज्या राज्याला हा प्रश्न विचारण्याचें धैर्य नाहीं, त्यानें प्रवाशाच्या अप्रामाणिकपणाबद्दल कुरकूर करूं नये.

राहतां राहिला माझा विद्यार्थी. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्या दिवशीं हंसून टाळलें, ही माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशीं त्याला बोलावून वरील सर्व सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, पण खरें सांगितलें असतें तर त्यांनीं मला राहूं दिलें नसतें." मी म्हटलें, "तर मग घरीं यावयाचें होतें. आणि राहूं दिलें असतें, तर वर्षभर मान वर करून राहिला असतास." त्याला तें पटलें कीं नाहीं हें मला सांगतां येत नाहीं. पण या खेपेस तो हंसला नाहीं.