गुण परीक्षकांचे, मत कोणाचे?

शनिवार-रविवारची रात्र झाली, की जोयडा तालुक्यातील घराघरांत रिमोट तीन भाषांतून फिरतो. हिंदीवर नाचणाऱ्या जोड्या, कन्नडवर ‘डान्स कर्नाटक डान्स’ आणि मराठीवर कधीकाळी गाजलेल्या ‘एकापेक्षा एक’ची परंपरा चालवणारे कार्यक्रम. जुनी माणसे या मुलुखाला आजही सुपा तालुका म्हणतात. मूळ सुपा गाव काळी नदीवरील 101 मीटर उंचीच्या धरणामागे पाण्यात गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि विस्थापितांतील अनेकांनी रामनगरला नवा संसार मांडला. धरणाच्या पायथ्याशी 100 मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. अनमोड घाट उतरला की गोवा लागतो. त्यामुळे येथील प्रेक्षकाची आवड सीमेच्या दोन्ही बाजूंनी घडलेली असते.

या प्रेक्षकाला परीक्षकांचे गुण सहसा पटत नाहीत. जोडीने उडी मारली, उचलून फिरवले, धुराच्या लोटांतून बाहेर आली, की परीक्षक उभे राहतात. इकडे ओसरीवर बसलेल्या बाईला मात्र दिसते ते वेगळेच: तो तिच्याकडे पाहत नाही, ती त्याच्या आधी ताल सोडते, शेवटच्या गिरकीत हात नुसताच धरला आहे, पेललेला नाही. हे शेरे नृत्यशास्त्राच्या पुस्तकातून आलेले नाहीत. ते फुगडीतून आले आहेत. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, पायांची टोके जुळवतात, हातांची अढी घालतात आणि मागे झुकून गरगर फिरतात. एकीने पकड सैल केली, तर दुसरी आपटते. जोडीच्या नाचात विश्वास म्हणजे काय, हे ज्या अंगाने अनुभवले आहे, त्या अंगाला पडद्यावरची खोट चटकन कळते.

भारतीय दूरचित्रवाणीवर विवाहित जोड्यांच्या नाचाला खरी लोकप्रियता दिली ती 2005 मध्ये ‘स्टार वन’वर आलेल्या ‘नच बलिये’ने. सरोज खान, मलायका अरोरा आणि फरहान अख्तर परीक्षक होते. विजयी ठरली सचिन आणि सुप्रिया पिळगावकर ही मराठी जोडी. त्यांच्या लग्नाला तेव्हा वीस वर्षे झाली होती. एकमेकांच्या सवयी, एकमेकांचे थकणे ठाऊक असलेली दोन माणसे रंगमंचावर आली, की लवचिकतेत थोडे कमी पडले तरी प्रेक्षक माफ करतो, हे त्या विजयाने दाखवले. 2015 मध्ये अमृता खानविलकर आणि हिमांशू मल्होत्रा जिंकले, तेव्हा तोल पुन्हा कसलेल्या नृत्याकडे झुकला.

मधल्या काळात एक बदल हळूच झाला. नाचाला गुण देता देता नात्यालाच गुण दिले जाऊ लागले. तालमीतील भांडण, सासूचा निरोप, डोळ्यांतले पाणी हे सारे नाचाच्या आधी दाखवायचे आणि मग ‘केमिस्ट्री’ या एका शब्दाखाली त्याची बेरीज करायची. 2019 च्या पर्वात तर एकेकाळी प्रेमात असलेल्या आणि पुढे विलग झालेल्या जोड्याही एकत्र नाचवल्या गेल्या. नाच निमित्तापुरता उरला, असे म्हटले तर फारसे चूक नाही. आणि या परीक्षेत बाईच्या वाट्याला नेहमीच अधिक प्रश्न येतात: तिचा पोशाख, तिचे वजन, तिने घरी किती जुळवून घेतले. चहाच्या टपरीवरचा टीकाकारही यात मागे नसतो, हे मान्यच केले पाहिजे.

परीक्षक चुकतात म्हणजे मतदार बरोबर असतात, असेही नाही. ब्रिटनमधील ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या कार्यक्रमात 2008 मध्ये पत्रकार जॉन सार्जंट यांना परीक्षक तळाचे गुण देत राहिले आणि जनता त्यांना वाचवत राहिली. अखेर आपण जिंकूनच बसू या धास्तीने त्यांनी स्वतःच माघार घेतली. आपल्याकडे 2007 च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत पोहोचले, तेव्हा दोघांच्याही मागे आपापला मुलूख उभा राहिला होता. मत गाण्याला पडले की गावाला, हे वेगळे करणे कठीण होते. तरी त्या मतांनी एक गोष्ट साधली. ज्या डोंगरी भागांची दखल एरवी कोणी घेत नाही, त्यांचे नाव घराघरांत पोहोचले.

सुप्याच्या वाट्याला तेही येत नाही. मतदान एसएमएसवरून ॲपवर गेले आणि काळी व्याघ्र प्रकल्पाच्या दाट रानातील वाड्यांवर मोबाइलची रेंज शोधण्यासाठी अजून टेकाड चढावे लागते. डिश अँटेनावर चित्र येते, ओसरीवर निकाल लागतो आणि तो निकाल कोणाच्याही बेरजेत धरला जात नाही. वाहिन्यांना हा प्रेक्षक जाहिरातीपुरता हवा असतो, मतापुरता नाही.

त्याहून काळजीची गोष्ट उलट्या दिशेने येते आहे. चतुर्थीच्या दिवसांत गोव्यात ठिकठिकाणी होणाऱ्या फुगडी स्पर्धांना आता पडद्यावरची शिस्त लागली आहे. ठरावीक मिनिटे, एकसारख्या नऊवारी, वेशभूषेचे वेगळे गुण, माइकवर निवेदन. बक्षिसामुळे घराबाहेर न पडणाऱ्या बायका मंचावर आल्या, हा लाभ लहान नाही. पण गोल प्रेक्षकांकडे तोंड करून उघडला, की फुगडी फुगडी राहत नाही. ती बघण्यासाठी नव्हतीच, खेळण्यासाठी होती. घाटाच्या वरच्या अंगाला, कुणबी वाड्यांच्या अंगणांत, गोल अजून पुष्कळ ठिकाणी बंद आहे. दोन बायका मागे झुकतात, पकड घट्ट होते, श्वासाचा ‘फू’ तालात पडतो आणि बाजूला बसलेली म्हातारी, कोणी विचारले नसताना, कोणाचा हात सैल पडला ते सांगते.