जुना ट्रॅक्टर, नवा धनी

बाजारातून जुना ट्रॅक्टर आणून दारी उभा करणाऱ्या शेतकऱ्याच्या ठायी पहिले दोन दिवस जो हर्ष असतो, तो तिसऱ्या दिवशी, ऐन नांगरटीत, यंत्र धापा टाकीत बंद पडले म्हणजे कसा मावळतो, हे मी स्वानुभवाने जाणतो. माझा ट्रॅक्टर सकाळी निमूटपणे सुरू होई, अर्धा तास उत्तम चाले आणि मग टाकी भरलेली असतानाही उपाशी असल्यासारखा मान टाकी. एका मिस्त्रींनी पाहताक्षणी ‘पंप गेला’ असा निकाल देऊन खर्चाचा अंदाजही सांगितला; परंतु टाकीचे झाकण सैल करताच आत हवा शिरल्याचा फुस्स असा आवाज झाला आणि झाकणाचे सुईएवढे छिद्र धुळीने बुजल्यामुळे आत निर्वात होऊन डिझेलचा ओघ खुंटत होता, हे उघड झाले. खर्च शून्य!

इंजिन खोलण्याची घाई हा आपल्याकडील दुरुस्तीचा मोठा दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. झाकण, फिल्टर, नळ्यांचे जोड व त्यांत अडकलेली हवा यांची आधी तपासणी व्हावी. ऑइल दुधाळ दिसले किंवा सतत निळा धूर निघू लागला, तरच मोठ्या कामाचा विचार रास्त.

कागदपत्रांचीही तीच गत. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा नाही, याची खात्री करून हस्तांतराची वर्दी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. माझी वर्दी अद्याप राहिली आहे. आज सव्विसावा दिवस.