आजी नावाची पाहुणी

सिडको, गारखेडा, ज्योतीनगर या भागांत सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचे बोलणे कानावर येते. ‘आमची पाळी ऑक्टोबरपासून. तोवर विहीणबाई आहेत.’ पाण्याच्या पाळीची सवय असलेल्या आपल्या छत्रपती संभाजीनगरात ऐकणाऱ्याचा गैरसमज होणे साहजिक आहे. पण ही पाळी असते लंडनमध्ये नातू सांभाळण्याची. सहा महिने हिची आई, सहा महिने त्याची आई.

लंडन हे लहान मुलाला वाईट वागवणारे शहर नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. बसची पायरी इतकी खाली की बाबागाडी सरळ आत ढकलता येते. अकरा वर्षांखालच्या मुलाला बसचे तिकीट नाही. बाळंतपणानंतर आरोग्यसेविका घरी येऊन बाळाचे वजन करते आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत त्याची नोंद होते. नोकरदार आईला 52 आठवड्यांपर्यंत रजा मिळते, त्यातले 39 आठवडे भत्त्यासह. आपल्याकडे फुटपाथवरून बाबागाडी शंभर पावले नेऊन दाखवावी! शिवाय तिकडे आपला मुलगा लंगोट बदलतो, भांडी घासतो, हे पाहून कितीतरी आया मनातून सुखावतात.

अडचण येते ती रजा संपल्यावर. सप्टेंबर 2025 पासून इंग्लंडमध्ये नोकरदार आईवडिलांच्या मुलाला नऊ महिन्यांचे झाल्यानंतर वर्षातले 38 आठवडे, आठवड्याला 30 तास पाळणाघर मोफत मिळते. पण अट अशी, की दोघांपैकी एकाला तरी सरकारी मदत घेण्याचा हक्क हवा. कामाच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांना तो सहसा नसतो. दोघेही तिथे कर भरतात आणि पाळणाघराची फीही पदरची भरतात. तिसरे वर्ष सरल्यावर पंधरा तासांची सवलत सर्वांनाच आहे. मधली दोन-सव्वादोन वर्षे मात्र ज्याची त्याने निभवायची. वर आरोग्य अधिभार आहेच. फेब्रुवारी 2024 पासून तो प्रौढाला वर्षाला 1,035 आणि मुलाला 776 पौंड आहे. आईवडील आणि सोबत नेलेले एक मूल यांचे वर्षाचे 2,846 पौंड होतात, आणि तेही व्हिसाच्या सर्व वर्षांचे एकदम, आगाऊ.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ताळेबंदात एक मोठी रक्कम कुठेच दिसत नाही, ती इथे आहे. हा खर्च पेलतो तो आजीच्या जिवावर. तिच्या श्रमाला ना पगार, ना रजा.

कायद्याच्या लेखी ती पाहुणी आहे. एका वेळी सहा महिने राहावे, नातवाशी खेळावे, अल्पकाळ त्याला सांभाळलेही तरी चालेल. पण दाईच्या जागी रुजू झाल्यासारखे राहता येत नाही. कायमचे राहायचे तर 2012 च्या जुलैपासून नियम फार कडक झाले. मुलाला तिथे कायम वास्तव्याचा हक्क हवा, आणि आईला वयामुळे वा आजारामुळे रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याचा आधार लागत असून तो मायदेशी, मुलाच्या पैशानेसुद्धा, मिळण्याजोगा नसावा. म्हणजे हातपाय चालतात तोवर तिने पाहुणी राहावे आणि ते थकले की अर्ज करावा!

वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यांतून तरुण जोडपी या शहरात आली. त्यांच्याही घरी मूल झाले की गावाकडून आजी आली. ती यष्टीतून उतरली, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि वाटले तितके दिवस राहिली. रुसली तर दुसऱ्या गाडीने परत गेली. आज तिच्याच सुनेला रुसण्याचीही सोय नाही. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो, शेजार अनोळखी, गुडघे कुरकुरतात, आणि इकडे आजोबा एकटे डबा लावून बसलेले असतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचे आहे. पण ते गाठायचे तर कुणीतरी न्यायला हवे. नातू मात्र तिच्याच तोंडून ‘भूभू’ आणि ‘मंमं’ शिकतो. त्याचे मराठी टिकले तर ते या पाळ्यांमुळेच.

कुणाला देशात राहू द्यायचे, हे ब्रिटनने ठरवावे. तो त्यांचा अधिकार. आपण आपल्या घरापुरते ठरवू शकतो. तिकीट काढण्याआधी आईला ‘येशील ना?’ असे न विचारता ‘जमेल का?’ असे विचारावे, आणि तिने नाही म्हटले तर ते ऐकावे. प्रवासी विमा न चुकता काढावा, कारण पाहुण्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सरकारी दराच्या दीडपट बिल येते.

आणि बोट फक्त लंडनकडे दाखवूनही भागणार नाही. आपल्याकडेही 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आपल्या सुनेच्या, मुलीच्या कचेरीत ते पाळणाघर कुठे आहे, हे किती घरांनी विचारले? आजी आहे म्हणून तिकडे कुणी विचारत नाही, आणि इकडेही.