नाव ड्रायक्लीन, काम पाण्याचे

अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की आसपासच्या वॉशिंग सेंटरांचा हंगाम सुरू होतो. अंबड तालुक्यातल्या महाकाळ्याचा हा कारखाना, धुळे-सोलापूर महामार्गापासून जवळच. गव्हाणीत पहिली मोळी पडल्यापासून चार-पाच महिने मुकादमांच्या, ठेकेदारांच्या आणि शेतकी खात्यातल्या मंडळींच्या गाड्या फडात, बांधावर, गाडीवाटेने हिंडत असतात. काचा उघड्या, एसी बंद, पायात काळी माती. हंगाम संपल्यावर ही गाडी आपल्या दारात येते आणि मालक एकच शब्द उच्चारतो : “ड्रायक्लीन करून द्या.”

गेल्या उन्हाळ्यात याच पट्ट्यातल्या एका सेंटरवर आम्ही तासभर बसलो होतो. पोराने बोलेरोची दारे उघडली, मॅट बाहेर फेकल्या आणि प्रेशरचा पाइप थेट आत घातला. आम्ही दचकलो. तो म्हणाला, “काका, ऊन बघा की. संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळती.” कारपेटचा वरचा थर संध्याकाळपर्यंत खरोखरच वाळला. पण कारपेटखालच्या जाड नमद्याने प्यायलेल्या पाण्याला ऊन दिसतच नाही, वारा तर त्याहून नाही. दोन-तीन आठवड्यांनी कुबट वास येतो, मालक सुवासिक डबी टांगतो आणि वर्ष-दोन वर्षांत पत्रा खालून फुगू लागतो. नाव ड्रायक्लीन असलेल्या कामात आपण एवढे पाणी कधीपासून ओतू लागलो?

काळ्या मातीशी तर पाण्याचे जुने वैर आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात आणि पाणी मिळाले की ती फुगते. उन्हाळ्यात भेगाळलेले रान पहिल्या पावसात पायाला कसे धरते, हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. तीच माती कारपेटच्या धाग्यांत कोरडी असते तेव्हा ब्रशने सुटते, व्हॅक्युमने निघते. भिजवली की तिचा चिखल होतो आणि तो धाग्याच्या मुळाशी जाऊन बसतो. मग कितीही शाम्पू घाला, फडक्याला राखाडी पाणी येतच राहते.

म्हणून आमचे सांगणे एका ओळीचे आहे : निम्म्याहून जास्त वेळ कोरड्या कामाला द्या. छतापासून खाली या. एका हातात एअर गन, दुसऱ्या हातात व्हॅक्युमचे तोंड, चारी दारे उघडी आणि वारा आपल्या पाठीशी. नुसती एअर गन मारली तर धूळ डॅशबोर्डच्या जाळ्यांतून आत जाते आणि एसी लावताच ग्राहकाच्या तोंडावर येते. मऊ ब्रशने कारपेट उलटसुलट झटकत व्हॅक्युम फिरवा. तोंडाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा. कारखान्याच्या आवारात उभ्या राहिलेल्या गाडीत बगॅसची धूळही असते. बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाला होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस असे नावच आहे. असली गाडी बंद शेडमध्ये झटकू नये.

यानंतर डाग, आणि इथे खरी कारागिरी लागते. उसाचा रस किंवा मळी सीटवर सुकली की काही जण पेट्रोलचा बोळा घेतात. साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, कोमट पाण्यात विरघळते. पेट्रोलची वाफ गाडीत कोंडून आगीचा धोका मात्र पदरात पडतो. कोमट पाण्यात पिळलेले फडके डागावर पाच मिनिटे ठेवा, टिपा, पुन्हा ठेवा. रगडायचे नाही.

हळदीचा डाग ही लग्नसराईची भेट. इथे आमच्या हातूनही एकदा चूक झाली आहे. फिक्या रंगाच्या सीटवरच्या पिवळ्या डागावर नेहमीचा जहाल क्लीनर मारला आणि डाग बघता बघता लालभडक झाला. मालक शेजारीच उभा! हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे घरातल्या कोणत्याही आजीने सांगितले असते. क्षाराचे क्लीनर तेच करतात. हळदीला सौम्य, क्षार नसलेला साबण वापरावा आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडावा. हळदीचा रंग उन्हात उडतो. इतर वेळी आपल्या मुळावर येणारे वैशाखातले ऊन इथे फुकट राबते. तंबाखूच्या चुन्याचे उलट आहे. तो स्वतःच क्षार, त्यामुळे पाणी घातलेल्या व्हिनेगरने सुटतो. दोन्हींआधी सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून पाहावे, एवढा धीर धरावा.

छताच्या कापडाला पाणी लावूच नका. मागे पातळ फोम असतो, तो डिंकाने चिकटवलेला असतो आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यांनी आधीच सैल झालेला असतो. फवारा फडक्यावर, फडके छतावर. छत लोंबू लागले असेल तर ते सफाईचे काम राहिलेले नाही, ग्राहकाला तसे सांगून कुशनवाल्याकडे पाठवा.

उन्हाबद्दल एक आकडा जवळ ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अडतीस अंशांहून अधिक तापलेल्या दिवसांत तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी 47 अंशांवर गेली होती आणि डॅशबोर्ड 69 अंशांवर. आपल्याकडचा मे काही वेगळा नाही. अशा डॅशबोर्डवर क्लीनर मारला तर पुसण्याआधीच तो सुकून डाग सोडतो. गाडी सावलीत, दारे उघडी, हात लावून पृष्ठभाग गार झाल्याची खात्री आणि मगच बाटली. शक्यतो सकाळी नऊच्या आत. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचा हात आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या, नाहीतर काळ्या प्लास्टिकवर पांढरी झाक राहते.

आणि ती चकचकीत पॉलिश! ग्राहकाला ती आवडते हे मान्य. पण सिलिकॉनच्या तेलकट थरावर दुसऱ्याच दिवशी फुफाटा बसतो आणि भर दुपारी डॅशबोर्डचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून चालकाचे डोळे दिपतात. तापलेल्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा धूसर थर काचेच्या आतून आधीच असतो, त्यात ही भर. पाण्यावर आधारित, चमक नसलेले ड्रेसिंग घ्यावे, तेही पातळ. आमच्या मते तेलकट पॉलिश या हवामानात विकूच नये.

सीट काढणाऱ्यांना एक तंबी. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. म्हणजे आता दारात येणाऱ्या बहुतेक गाड्यांत पिवळ्या वेष्टनातल्या वायरी असणार, आणि कित्येकींत त्या सीटखालूनही गेलेल्या असतात. इग्निशन चालू ठेवून तो कनेक्टर ओढला की मीटरमध्ये दिवा लागतो आणि तो स्कॅनर लावल्याशिवाय सहसा जात नाही. आधी बॅटरी सोडा, काही मिनिटे थांबा, मग हात घाला. त्या कनेक्टरवर पाइपचे पाणी म्हणजे काय, हे वेगळे सांगत नाही.

2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पुराने जे केले, त्यानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या आपल्याकडे ‘फक्त धुऊन द्या’ म्हणून येऊ लागल्या. सीटपर्यंत पाणी चढलेली गाडी हे आपले काम नव्हे. चावी फिरवू नका. आधी विमा कंपनीचा सर्वेक्षक, मग इलेक्ट्रिशियन, मग आपण.

पावसाळ्यातही सीट-कारपेटचा शाम्पू घेणे शक्यतो टाळा. दमट हवेत वाळत नाही. पुढच्या डाव्या सीटसमोर पायाखाली ओल दिसली तर ती ग्राहकाने सांडलेली समजू नका. बऱ्याचदा एसीच्या पाण्याची बाहेर जाणारी नळी मातीने तुंबलेली असते. ती मोकळी केल्याशिवाय कारपेट वाळवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे.

यावर येणारा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. फेसाला पैसे मिळतात, ब्रश मारण्याला मिळत नाहीत. गाडी पांढऱ्या फेसात न्हाली की मालकाला काम दिसते, व्हॅक्युमच्या पिशवीतली माती दिसत नाही. मग ती दाखवा. पिशवी त्याच्यासमोर कागदावर ओता. आमच्या ओळखीचे एक कारागीर हेच करतात आणि त्यांना दर वाढवताना घासाघीस करावी लागत नाही. शिवाय कोरड्या कामात पाणी वाचते, आणि हा जालना जिल्हा आहे. 2012-13 च्या दुष्काळात इथे प्यायचे पाणी टँकरने आले, त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

या महिन्यात एक करा. तुमच्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या, म्हणजे तुम्हीच आधी ‘ड्रायक्लीन’ केलेल्या एका गाडीचे कारपेट कोपऱ्यात उचलून नमद्याखाली हात घाला. हाताला काय लागले, ते आम्हाला लिहून कळवा.