अनुभवाच्या रकान्यांत काय लिहावें?

नोकरीच्या अर्जांत ‘अनुभव’ म्हणून एक रकाना असतो. आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंचीं पोरें तेथें आलीं कीं त्यांची लेखणी अडते, आणि ‘नाहीं’ एवढा एकच शब्द लिहून तीं मोकळीं होतात. हा शब्द खरा आहे काय? लोहाराचा मुलगा शाळा सांभाळून भात्यावर बसलेला. फाळ किती लाल झाला म्हणजे त्यास पाणी द्यावयाचें हें तो नुसत्या रंगावरून सांगतो. कारखान्यांत हेंच काम हीट ट्रीटमेंट या भारदस्त नांवानें चालतें. पण आयटीआय पास होऊन अर्ज करतांना हा पठ्ठ्या लिहितो काय, तर अनुभव नाहीं! हजेरीपट नाहीं, पगाराची पावती नाहीं, म्हणून काम झालेंच नाहीं, असें त्यानें साहेबाच्या आधीं स्वतःच ठरवून टाकलें.

आमचें म्हणणें असें कीं, घरचें काम त्या रकान्यांत लिहावें. मात्र नेमकें लिहावें. ‘शेतीची माहिती आहे’ या वाक्यानें कोणाचीच खात्री पटत नाहीं. ‘तीन एकर उसास ठिबक बसविलें, मोटरीच्या स्टार्टरची जोडणी स्वतः केली’ असें लिहिलें कीं पंपाच्या व्यापाऱ्यास समोर माणूस दिसूं लागतो. गांवच्या दूध संस्थेंत फॅट काढून नोंद करणारी मुलगी दर दहा दिवसांचें बिल जुळविते आणि फॅट कमी लागली म्हणून तंडणाऱ्यांची समजूतही घालते. कारकुनाच्या जागेस याहून वेगळें काय लागतें?

उरलें तें सरळ कबूल करावें. ‘आपल्या यंत्रावर मीं काम केलेलें नाहीं, परंतु अमुक काम इतकीं वर्षें केलें आहे, त्यावरून हें शिकेन,’ असें लिहिण्यांत कमीपणा नाहीं. ओळखीच्या दुकानदाराकडून खोटा दाखला मात्र आणूं नये. यंत्रापुढें उभें करून एक प्रश्न विचारला कीं तो फाटतो, आणि मग खरें कामही खोटें ठरतें.

ज्यांस कारखान्याचाच अनुभव हवा, त्यांनीं १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याची वाट धरावी. तेथें शिकतांना विद्यावेतन मिळतें. २०१५ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत, पूर्वीं अंगीं आलेल्या हुन्नराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवण्यांत आली. ती आपल्या भागांत कोठें मिळते, हें जवळच्या आयटीआयमध्यें विचारावें. विचारण्यास पैसे पडत नाहींत.

कारखानदारांसही आमचा एक सवाल आहे. दोन वर्षांचा अनुभव पाहिजे असें जो तो म्हणूं लागला, तर पहिलें वर्ष द्यावें कोणीं?

अर्ज एका पानाचा असावा, आणि पाठविण्यापूर्वीं तो आईबापांस वाचून दाखवावा. त्यांस अक्षर येत नसेल. पण कामाचें वर्णन कोठें फुगलें आणि कोठें राहून गेलें, तें तींच पहिल्यानें सांगतील.