प्लॉट लहान की मोठा? आधी ले-आऊट पाहा

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरांत घर घेणे म्हणजे प्लॉट घेऊन घर बांधणे, हा समज फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्यानंतरही फारसा बदललेला नाही. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात येणारा शेतकरी असो वा निवृत्तीची रक्कम हाती आलेला शिक्षक, त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो. वस्तीतला हजार चौरस फुटांचा प्लॉट घ्यावा, की तेवढ्याच पैशांत शहराच्या कडेला दुप्पट जागा पदरात पाडून घ्यावी?

वरवर पाहता हा हिशेब सोपा वाटतो. प्रत्यक्षात प्लॉटचे क्षेत्रफळ आणि बांधकामाला मिळणारी जागा यांत मोठी तफावत असते. उदाहरणादाखल २५ बाय ४० फुटांचा प्लॉट घेऊ. समोर १० फूट आणि उरलेल्या तीन बाजूंना ५-५ फूट जागा सोडावी लागली, तर तळमजल्यावर जेमतेम ३७५ चौरस फूट उरतात. रुंदी ५० फूट झाली तर प्लॉट दुप्पट होतो, तळमजला मात्र १००० चौरस फुटांचा, म्हणजे अडीचपटीहून मोठा होतो. सोडावयाचे अंतर रस्त्याच्या रुंदीनुसार आणि प्लॉटच्या आकारानुसार बदलते, परंतु लहान प्लॉटचा मोठा हिस्सा मोकळ्या जागेत जातो, हे सूत्र कायम राहते.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१० आहे. तो पुरता वापरायचा तर लहान प्लॉटवर तीन मजले चढवावे लागतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या अकोल्यात स्लॅबखालचा तिसरा मजला म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरणाऱ्या एका कडुनिंबापुरती जागा असणे ही तेथे चैन नव्हे, तर सोय आहे. मोठ्या प्लॉटच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

मात्र शहराच्या कडेला स्वस्तात मिळणारी मोठी जागा अनेकदा मंजूर ले-आऊटमधील नसते. शेतजमिनीचे तुकडे पाडून गुंठ्यांच्या हिशेबाने, म्हणजे १०८९ चौरस फुटांच्या पटीत, ती विकली जाते. खरेदीदाराच्या हाती येतो तो सामाईक सातबाऱ्यावरील हिस्सा. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढविली. पुढे नागरी भागातील निवासी जमिनींना तुकडेबंदी कायद्यातून सूट देण्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तसा अध्यादेशही निघाला.

या निर्णयांमुळे अडकलेल्या हजारो व्यवहारांना दिलासा मिळाला, यात शंका नाही. परंतु एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. व्यवहार नियमित झाल्याने मालकी निर्वेध होते. नऊ मीटरचा रस्ता, नाली वा नळजोडणी त्यातून आपोआप मिळत नाही. अकोला महापालिकेची हद्द २०१६ मध्ये वाढली तेव्हा उमरी, मलकापूर, शिवणी ही गावे शहरात आली. हद्द एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी मात्र त्या वेगाने पोहोचत नाही.

वऱ्हाडात पाण्याचा प्रश्न तर निर्णायक ठरतो. अमरावतीची तहान ऊर्ध्व वर्धा धरणावर आणि अकोल्याची महानच्या काटेपूर्णा प्रकल्पावर भागते. पाऊस दगा देतो त्या वर्षी अकोलेकरांना नळाची कित्येक दिवस वाट पाहावी लागते. नळ नाही तर बोअर खोदू, हा पर्यायही सर्वत्र लागू पडत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा या दोन्ही जिल्ह्यांत पसरला आहे आणि तेथील भूजल पिण्यास अयोग्य आहे. त्या दिशेला मोठा प्लॉट घेणाऱ्याने आधी शेजारच्या बोअरचे पाणी चाखून पाहिलेले बरे. काळ्या जमिनीत पायावर होणारा वाढीव खर्चही स्वस्त जागेच्या किमतीत धरायला हवा.

दोन मुलांना पुढे दोन भाग होतील, या विचारानेही अनेक कुटुंबे मोठ्या जागेकडे वळतात. हा विचार चुकीचा नाही, परंतु मंजूर प्लॉटची विभागणीही मंजुरीनेच होते आणि दोन्ही भागांना रस्ता लागतो. रुंदी कमी आणि खोली जास्त असलेल्या प्लॉटचे असे भाग पाडणे कठीण जाते. तेव्हा क्षेत्रफळाइतकीच दर्शनी रुंदीही पाहावी.

इसार देण्यापूर्वी मंजूर ले-आऊटचा नकाशा, अकृषक परवानगी आणि समोरच्या रस्त्याची कागदावरची व प्रत्यक्षातली रुंदी तपासणे, हाच यावरचा मार्ग. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या आणि आठहून अधिक प्लॉटच्या नव्या ले-आऊटला महारेराची नोंदणी बंधनकारक आहे. तो क्रमांक मागण्यात संकोच नसावा. या कसोट्यांवर दोन्ही प्लॉट उतरत असतील, तर ऐपत असेल तितका मोठा घ्यावा. मोठा प्लॉट उतरत नसेल, तर मंजूर ले-आऊटमधील हजार चौरस फूट सामाईक सातबाऱ्यावरील दोन हजारांपेक्षा केव्हाही मोठे. आयुष्यभराची पुंजी लावणाऱ्याला चुकलेला सौदा दुरुस्त करण्याची दुसरी संधी सहसा मिळत नाही.